स्वतः बनवलेल्या रेसिंग ट्रॅकवर बूस्ट पॅड कसे बसवावेत

रेसिंग गेमच्या ट्रॅक एडिटरमध्ये पहिल्यांदा हात घालणारा जवळपास प्रत्येक जण बूस्ट पॅडपासूनच, म्हणजे वरून गेल्यावर गाडीला जादा वेग देणाऱ्या पट्टीपासूनच, सुरुवात करतो, आणि त्यात नवल नाही. १९९० सालच्या 'एफ-झिरो'पासून आणि १९९२ सालच्या 'सुपर मारिओ कार्ट'पासून रस्त्यावरची चकाकती पट्टी म्हणजे वेग, ही खूण खेळाडूंच्या डोळ्यांत पक्की बसलेली आहे. सरळ रस्ता दिसला की त्यावर पट्टी टाकावी, उडीच्या आधी दोन टाकाव्यात आणि शेवटच्या टप्प्यात तर ओळच लावावी, असा मोह होतो. असा ट्रॅक पहिल्या लॅपला मजा देतो, पण तिसऱ्या लॅपला खेळाडू भिंतीवर आदळून वैतागतो आणि पुन्हा त्या ट्रॅककडे फिरकत नाही. बहुतेक वेळा पॅडची जागा चुकलेली नसते. त्या पॅडचा परिणाम जिथे ओसरतो तिथे काय आहे, याचा हिशेब झालेला नसतो. म्हणून या लेखातील पायऱ्या शेवटाकडून सुरुवातीकडे विचार करायला लावणाऱ्या आहेत.

उदाहरणांसाठी मी दोन गेम घेतले आहेत. 'ट्रॅकमेनिया'मध्ये तयार ठोकळे जोडून ट्रॅक बनतो, आणि पिवळा टर्बो व त्याहून जोरदार लाल सुपर टर्बो यांची ताकद आपल्याला बदलता येत नाही. 'सुपरटक्सकार्ट' हा मुक्त स्रोत गेम असून त्याचे ट्रॅक ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवले जातात आणि तेथे बूस्टचे आकडे आपण स्वतः ठरवतो. तुम्ही तिसराच गेम वापरत असाल तरी हिशेब तोच राहतो.

१. सुरू करण्यापूर्वी जवळ काय असावे

फार काही लागत नाही, पण पुढील गोष्टी आधीच हाताशी ठेवाव्यात.

– ट्रॅक एडिटर, आणि शक्य असल्यास एडिटरमधूनच थेट चाचणी धाव घेण्याची सोय.
– पडद्यावर वेग दाखवणारा काटा. तो नसेल तर रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर खुणेच्या वस्तू ठेवून वेळ मोजता येतो.
– आपली धाव साठवून ठेवणारा घोस्ट किंवा रिप्ले.
– आकडे टिपण्यासाठी वही किंवा तक्ता. मी तक्त्यात प्रत्येक पॅडला क्रमांक देतो आणि त्यासमोर पॅडवर येतानाचा वेग, पॅडवरून निघतानाचा वेग व पुढच्या अडथळ्यापर्यंतचे अंतर लिहितो.
– ट्रॅक न पाहिलेले दोन-तीन खेळाडू. यांची गरज शेवटी लागते, पण त्यांना आधीपासून ट्रॅक दाखवत बसू नये, अन्यथा ते चाचणीसाठी निरुपयोगी होतात.

२. आधी बूस्टशिवाय ट्रॅक पूर्ण करा

ज्या ट्रॅकवर बूस्टशिवाय गाडी चालवायला कंटाळा येतो, तो ट्रॅक बूस्ट टाकून सुधारत नाही. कंटाळा फक्त लवकर संपतो. वळणांचा क्रम, चढ-उतार आणि रुंदी यांनी ट्रॅक उभा राहिला पाहिजे. याला अपवाद एकच आहे: जी उडी किंवा जो उभा चढ बूस्टशिवाय पार होणारच नाही, तिथला पॅड हा रस्त्याचाच भाग समजून पहिल्यापासून बसवावा. बाकी सर्व पॅड दुसऱ्या फेरीत बसवावेत.

३. तुमच्या गेममधला बूस्ट नेमका काय करतो ते मोजा

ही पायरी सर्वांत जास्त टाळली जाते आणि सर्वांत जास्त वेळ वाचवते. 'बूस्ट' या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गेममध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. काही गेम पॅडला स्पर्श होताच गाडीला एकदाच धक्का देतात आणि पुढचे सगळे हवेच्या विरोधावर सोडून देतात. काही गेम ठरावीक काळापुरती गाडीची कमाल वेगमर्यादा वाढवतात आणि मग ती हळूहळू पूर्ववत करतात. काही गेम पॅडवर असेपर्यंत सतत जोर लावत राहतात.

'सुपरटक्सकार्ट'मध्ये हे घटक सुटे सुटे दिसतात, म्हणून शिकण्यासाठी तो उत्तम आहे. तेथे बूस्टला झिपर म्हणतात आणि तो पृष्ठभागाच्या मटेरियलला जोडलेला असतो. परिणाम किती वेळ टिकावा, कमाल वेगात किती भर पडावी, स्पर्श होताच किती वेग मिळावा, परिणाम ओसरायला किती वेळ लागावा आणि पॅडवरून निघताना गाडीचा वेग किमान किती असावा, अशी स्वतंत्र मूल्ये तेथे द्यावी लागतात. यातील शेवटचे मूल्य उडीच्या आधी फार उपयोगी पडते, कारण नुकताच आपटून उठलेला, रेंगाळत आलेला खेळाडूही त्यामुळे दरी पार करू शकतो.

ज्या गेममध्ये आकडे दिसत नाहीत तिथे ते मोजून काढावे लागतात. एक लांबलचक सपाट सरळ रस्ता बनवा, त्यावर मधोमध एकच पॅड टाका आणि तीन वेगवेगळ्या वेगांनी त्यावरून जा: अगदी हळू, मध्यम आणि पूर्ण वेगाने. प्रत्येक वेळी वेग शिखराला किती पोहोचला आणि तो मूळ वेगावर परत यायला किती सेकंद व किती मीटर लागले, ते टिपा. मग दोन पॅड एकामागे एक ठेवून हीच चाचणी करा, म्हणजे दुसरा पॅड पहिल्यावर भर घालतो की फक्त घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू करतो, हे कळेल. त्यानंतर पॅडवरून तिरके जाऊन पाहा. काही गेममध्ये गाडी बाणाच्या दिशेने ढकलली जाते, तर काहींमध्ये गाडीचे नाक जिकडे असेल तिकडे; वळणातला पॅड योग्य ठरतो की घातक, हे यावरच अवलंबून असते.

येथे दोन सापळे आहेत. पॅडवर असेपर्यंत जोर लावणारा प्रकार असेल, तर हळू येणारी गाडी पॅडवर जास्त वेळ राहते आणि तिलाच जास्त फायदा मिळतो. काही वेळा पिछाडीवर पडलेल्याला मदत म्हणून हे हवेही असते, पण ते ठरवून केलेले असावे. दुसरा सापळा उतारावरचा आहे. वेगमर्यादा वाढवणाऱ्या प्रकारात उतारामुळे गाडी आधीच त्या वाढीव मर्यादेजवळ पोहोचलेली असेल, तर पॅड काहीच करत नाही, आणि खेळाडूला वाटते की आपला पॅड चुकला.

स्वतःच्या गेम इंजिनमध्ये (गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) पॅड बनवत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फिजिक्सची गणना ठरावीक टप्प्यांनी होते. 'युनिटी' या इंजिनमध्ये हा टप्पा मूळ मांडणीनुसार ०.०२ सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा असतो. सेकंदाला ७५ मीटर वेगाने जाणारी गाडी एका टप्प्यात दीड मीटर पुढे सरकते. पॅडचा अदृश्य स्पर्शपट्टा अर्ध्या मीटरचा ठेवला, तर गाडी कधी त्यात सापडेल आणि कधी त्यावरून निसटून जाईल. त्यामुळे स्पर्शपट्टा दोन-तीन टप्प्यांएवढा लांब ठेवावा आणि बूस्टची गणना पडद्याच्या फ्रेमवर न बांधता फिजिक्सच्या टप्प्यातच करावी, नाहीतर वेगवान संगणकावर खेळणाऱ्याला वेगळा बूस्ट मिळेल.

४. बूस्ट संपतो तिथून मागे मोजत या

आता मोजलेल्या आकड्यांचा उपयोग करू. समजा, तुमच्या गाडीचा नेहमीचा वेग सेकंदाला ६० मीटर आहे. पॅडमुळे त्यात १५ मीटरची भर पडते, ती पूर्ण भर दीड सेकंद टिकते आणि पुढच्या दोन सेकंदांत ती एकसारखी ओसरत शून्यावर येते. पहिल्या दीड सेकंदात गाडी २२.५ मीटर जास्त जाते, ओसरण्याच्या काळात आणखी १५ मीटर, म्हणजे एकूण ३७.५ मीटर. ६० मीटरच्या वेगाने हे अंतर कापायला ०.६२ सेकंद लागले असते, तेव्हा या पॅडची पूर्ण किंमत तेवढी आहे. पण ही किंमत वसूल होण्यासाठी पॅडच्या पुढे सुमारे २४८ मीटर मोकळा रस्ता हवा.

समजा, पुढे असे वळण आहे जिथे वेग ३० मीटरवर आणावा लागतो, आणि ब्रेक दाबल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला २० मीटरने कमी होतो. नेहमीच्या वेगाने येणाऱ्याला ब्रेकसाठी सुमारे ६८ मीटर लागतात. पूर्ण बूस्टमध्ये असलेल्याला ११८ मीटर. वळण पॅडपासून ३५० मीटरवर असेल, तर बूस्ट निवांत ओसरतो, ब्रेकची जागा बदलत नाही आणि पूर्ण ०.६२ सेकंदांचा फायदा पदरात पडतो. तेच वळण १६० मीटरवर असेल, तर खेळाडूला पॅड ओलांडल्यावर जेमतेम ४२ मीटरवर, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास ब्रेक दाबावा लागतो, आणि एवढे करून त्याला मिळतात फक्त ०.२३ सेकंद. ब्रेक जरा उशिरा लागला की तो भिंतीत. एवढ्याशा लाभासाठी एवढा धोका कोणी पत्करत नाही. दुसऱ्या लॅपपासून जाणकार खेळाडू तो पॅड टाळून जाऊ लागतात.

म्हणून माझा नियम असा आहे: आधी ब्रेकची जागा ठरवावी, तिथे रस्त्यावर खूण करावी, त्या खुणेपासून बूस्टची पूर्ण लांबी मागे मोजावी आणि तिथे पॅड ठेवावा. बहुतेक वेळा ही जागा सरळ रस्त्याच्या मध्यावर न येता त्याच्या सुरुवातीला, आधीच्या वळणातून बाहेर पडल्यावर लगेच येते. तेथे गाडीचा वेगही कमी असतो, त्यामुळे तेवढीच भर जास्त वेळ वाचवते. सरळ रस्ता पुरेसा लांब नसेल तर कमी ताकदीचा पॅड घ्यावा किंवा पॅडच घेऊ नये.

५. पुढचे वळण बूस्टच्या वेगासाठी आखा

ब्रेक न दाबता बूस्टमध्येच वळण घ्यावे अशी तुमची इच्छा असेल, तर वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावी लागते. चाकांची पकड तेवढीच राहिली, तर वेग सव्वापट झाल्यावर त्रिज्या सुमारे १.५६ पट हवी आणि वेग दीडपट झाल्यावर सव्वादोनपट हवी. ४० मीटर त्रिज्येचे वळण ज्या वेगाने आरामात जमते, त्याच्या दीडपट वेगासाठी ९० मीटर लागतील. एडिटरमध्ये हे वळण वरून पाहताना अवाढव्य आणि कंटाळवाणे दिसते, आणि नवशिके ते लगेच आक्रसून टाकतात. वरून पाहून निर्णय घेऊ नये. जागा खरोखरच कमी असेल तर रस्त्याला आतल्या बाजूला कल द्यावा किंवा बाहेरची कड रुंद करून चूक सावरायला वाव ठेवावा.

६. उडी, उतरण्याची जागा आणि चेकपॉइंट

सर्वांत जास्त ट्रॅक बिघडतात ते इथे, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

सपाटीवरून सपाटीवर मारलेल्या उडीचे अंतरही वेगाच्या वर्गाने वाढते. पृथ्वीइतके गुरुत्व आणि १५ अंशांचा रॅम्प धरला, तर सेकंदाला ४० मीटर वेगाने गाडी सुमारे ८२ मीटर जाते आणि ४८ मीटर वेगाने सुमारे ११८ मीटर. वेगातला २० टक्क्यांचा फरक उतरण्याच्या जागेत ४४ टक्क्यांचा फरक करतो. गेममधले गुरुत्व बहुधा वेगळे असते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, पण प्रमाण तेच राहते. म्हणजे रॅम्पच्या तोंडाशी ठेवलेला पॅड कोणी अर्धवट पकडला, कोणी पूर्ण पकडला आणि कोणी चुकवला, तर तिघे तीन वेगळ्या ठिकाणी उतरणार आहेत.

यावर उपाय दोन आहेत आणि मी दोन्ही एकत्र वापरतो. पॅड रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा करावा, म्हणजे तो अर्धवट पकडण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि तो रॅम्पच्या बराच आधी ठेवावा, म्हणजे उड्डाणापर्यंत सर्वांचे वेग एकमेकांजवळ आलेले असतात. रॅम्पच्या वाकणावर पॅड ठेवू नये. तिथे गाडीची पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या कोनांत असतात, आणि धक्का मिळताच नाक वर-खाली होऊन गाडी हवेत फिरते. उतरण्याची जागा सपाट ठेवण्याऐवजी गाडी ज्या कोनात खाली येते साधारण त्याच कोनाचा उतार द्यावा, म्हणजे उतरताना वेग वाया जात नाही आणि थोडे पुढे-मागे उतरले तरी चालते.

आता चेकपॉइंट, म्हणजे गाडीने ओलांडलीच पाहिजे अशी वाटेतली खूण. 'ट्रॅकमेनिया'मध्ये चुकल्यावर रिस्पॉन केले, म्हणजे गाडी पुन्हा रस्त्यावर आणली, की गाडी चेकपॉइंटवरून तिथल्याच वेगाने सोडली जाते, आणि पुन्हा लगेच रिस्पॉन केले की ती जागेवर उभी मिळते. अनेक गेममध्ये तर उभ्या गाडीशिवाय पर्यायच नसतो. तेव्हा चेकपॉइंट आणि उडी यांच्यामध्ये असा पॅड हवाच, ज्याच्या जोरावर शून्यापासून निघालेली गाडीही पलीकडे पोहोचेल. पॅड आधी आणि चेकपॉइंट नंतर, अशी मांडणी झाली, तर उडी चुकलेला खेळाडू तिथेच अडकून बसतो आणि त्याला शर्यत सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. प्रत्येक चेकपॉइंटवर मुद्दाम थांबून, शून्य वेगाने पुढे जाऊन पाहावे. याला वेळ लागतो, पण हे टाळता येत नाही.

चेकपॉइंटचा पट्टाही पॅडच्या पट्ट्यासारखाच निसटू शकतो. बूस्टमध्ये उंच उडालेली गाडी त्याच्या वरून निघून जात नाही ना, हेही त्याच वेळी तपासावे.

७. खेळाडूला निवड द्या

सर्वांत सोप्या, सर्वांत जवळच्या वाटेवर ठेवलेला पॅड सगळ्यांनाच मिळतो, म्हणजे शर्यतीच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखाच. वेगाची अनुभूती देण्यासाठी असे एक-दोन पॅड चालतात. खरी गंमत मात्र पॅडसाठी काहीतरी मोजावे लागते तेव्हा येते.

समजा, अर्धवर्तुळाकार वळण आहे. आतली वाट ३० मीटर त्रिज्येची आणि बाहेरची ४५ मीटरची. चाकांच्या पकडीमुळे आतून सेकंदाला साधारण २४.५ मीटर आणि बाहेरून ३० मीटर वेग शक्य आहे असे धरू. आतल्या वाटेला ३.८५ सेकंद लागतात, बाहेरच्या वाटेला ४.७१. म्हणजे बाहेरून जाणारा ०.८६ सेकंद गमावतो, पण बाहेर पडताना त्याचा वेग साडेपाच मीटरने जास्त असतो. वळण संपताच बाहेरच्या कडेला पॅड ठेवला, तर तो ०.८६ सेकंदांपेक्षा थोडे कमी परत देणारा असावा, कारण उरलेली भरपाई तो जास्तीचा वेग करतो. पॅडने त्याहून पुष्कळ जास्त दिले, तर आतली वाट ओस पडते. पुष्कळ कमी दिले, तर पॅड ओस पडतो. दोन्ही वाटांनी प्रत्येकी काही धावा घेऊन सर्वोत्तम वेळा जवळजवळ सारख्या येईपर्यंत पॅड पुढे-मागे सरकवत राहावे.

'मारिओ कार्ट' पद्धतीच्या गेममध्ये याचे आणखी एक रूप दिसते: गवताचा किंवा वाळूचा पट्टा एरवी गाडीला मंद करतो, पण बूस्टमध्ये असताना तो सहज ओलांडता येतो. असा शॉर्टकट ठेवायचा असेल तर पट्ट्याची रुंदी बूस्टच्या उरलेल्या काळात कापता येईल एवढीच ठेवावी, आणि त्यातून पूर्ण चेकपॉइंट चुकवून जाता येत नाही याची खात्री करावी.

८. पॅड दिसला पाहिजे

उंचवट्यापलीकडे किंवा आंधळ्या वळणानंतर लगेच पॅड ठेवू नये. सेकंदाला ६० मीटर वेगाने येणाऱ्या खेळाडूला पॅड पाहून, ठरवून, गाडी सरकवायला किमान दीड-दोन सेकंद द्यावेत, म्हणजे पॅड ९० ते १२० मीटरवरून दिसायला हवा. ताकदीचा फरक केवळ रंगाने दाखवू नये; लाल-हिरव्या छटा वेगळ्या न दिसणाऱ्या खेळाडूंसाठी बाणांची संख्या किंवा आकारही बदलावा. लखलखाट सेकंदाला तीन वेळांपेक्षा जास्त नसावा, कारण वेगवान झगमगाटाने काहींना झटके येऊ शकतात. सजावटीसाठी पॅडसारखे दिसणारे बाण रस्त्यावर रंगवणे हा तर खेळाडूची शुद्ध फसवणूक आहे.

९. चाचणी

स्वतःची चाचणी फारशी विश्वासार्ह नसते, कारण पॅड कुठे आहे हे तुमच्या हातांना पाठ झालेले असते. तरी ती आधी करावी: प्रत्येक पॅड पकडून, मग एकेक चुकवून, मग उलट्या बाजूने आणि भिंतीला घासत. संगणकाने चालवलेल्या गाड्या असतील तर त्याही सोडाव्यात. त्या आखून दिलेल्या मार्गाने जातात आणि बूस्टनंतर वारंवार एकाच ठिकाणी बाहेर जात असतील, तर ती जागा बहुधा माणसांनाही नडणार असते.

मग नवख्या खेळाडूला बसवावे आणि आपण गप्प बसावे. तो पहिल्या लॅपला आपटला तर चालेल; तिसऱ्या लॅपला त्याच जागी आपटला तर मागचा पॅड बदलायला हवा. त्याला कारण विचारू नये, रिप्ले पाहावा. बहुतेक खेळाडू वळणाला दोष देतात, पण रिप्लेमध्ये दिसते की ब्रेक दाबण्याच्या क्षणी बूस्ट अजून उतरलेला नव्हता.

१०. प्रकाशित करताना

'ट्रॅकमेनिया'मध्ये ट्रॅक प्रकाशित करण्यापूर्वी तो तुम्ही स्वतः पूर्ण करून दाखवावा लागतो, आणि त्या वेळेवरून पदकांच्या वेळा ठरतात. मूळ मांडणीत तुमची वेळ एक मिनिट असेल तर रौप्यपदकासाठी ७२ आणि कांस्यपदकासाठी ९० सेकंद मिळतात. बूस्टवर अवलंबून असलेल्या ट्रॅकवर एक पॅड चुकला की पुढची उडी आणि त्यापुढचा वेग, सगळेच कोलमडते, त्यामुळे कांस्यपदकाची वेळ एखादा रिस्पॉन धरूनही गाठता येते का ते पाहावे आणि नसेल तर ती हाताने सैल करावी.

एकदा खेळाडूंनी वेळा नोंदवल्या की पॅडची जागा किंवा ताकद बदलू नये, कारण जुन्या आणि नव्या वेळांची तुलनाच होऊ शकत नाही. बदल करणे भागच पडले, तर ट्रॅक नव्या नावाने किंवा नव्या आवृत्ती क्रमांकाने वेगळा टाकावा आणि वर्णनात कोणता पॅड हलवला ते एका ओळीत लिहावे.